जावेची जीभ

ओकसिमची जीभ गेली होती आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. गेली म्हणजे तोंडातच होती, आणि बोलण्यात तिने कधी कुचराई केली नव्हती. सुनेला टोमणे, शेजारणींना उत्तरं, कुत्र्याला शिव्या, सगळं नेहमीसारखं चालू होतं. पण चव कळेनाशी झाली होती. चुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला मुलंबाळं येऊन गेली, पाठोपाठ ताप आला, आठवडाभर म्हातारीला अंथरुणात लोळवून गेला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. तिला वाटलं, येईल चार दिवसांत. कसली येते! भात खा, मासा खा, तिखटजाळ रस्सा खा, सगळं ओला पुठ्ठा चघळल्यासारखं. नाकही तसंच, अर्धंमुर्धं.

दुसरी एखादी असती तर चारचौघींत सांगून मोकळी झाली असती, दवाखान्यात गेली असती. ओकसिमला ते परवडणारं नव्हतं, आणि त्याला कारण तिची मेलेली सासू. सासूच्या हाताला अशी चव, की हेनामच्या त्या सगळ्या पट्ट्यात किमची, म्हणजे तिखट मसाला भरून मुरवलेली कोबी, म्हटलं की आधी तिचं नाव निघायचं. पुढे त्याच सासूचं डोकं फिरलं, तेव्हा सुरुवात कशाने झाली? रस्सा खारट होण्याने. मग एकाच दुपारी दोनदा भात शिजवायला लागली, मग मुलांची नावं विसरली, मग स्वतःच्या शेताच्या बांधावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला घराचा रस्ता विचारायला लागली. तेव्हापासून त्या घरात कुणा बाईच्या हातचं जरा खारट झालं की माणसं जेवता जेवता एकमेकांकडे बघायची.

मागच्या महिन्यात थोरला मुलगा सांगग्यू ग्वांगजू शहरातून आला, रश्श्याचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. बायकोकडे बघितलं. ओकसिमने ते बरोबर टिपलं. डोळे तिचे अजून शाबूत होते.

“आई, या वर्षीची किमची बघू कशी होते,” तो म्हणाला. “नीट जमली तर तू इथेच राहा, मी तोंड उघडणार नाही. नाही जमली तर उन्हाळ्याच्या आत आमच्याकडे चल.”

चल म्हणजे चौदाव्या मजल्यावर. ती एकदा राहून आली होती तिथे. खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात आणि जमीन बघायची तर मान काढून वाकावं लागतं. मुलगा वाईट नव्हता, सूनही वाईट नव्हती, पण तिथे तिला करायला काही नव्हतं, आणि काही न करता बसायची वेळ आली तर आपण सासूसारख्याच होऊ अशी तिला धास्ती होती. ते घर, ते अंगण, मागचे मोहरीच्या पाल्याचे वाफे, हे सगळं आता किमचीच्या एका टबावर येऊन ठेपलं होतं.

आणि आज तोच दिवस होता. सकाळपासून ती एका जागी ठरत नव्हती. अंगणात निळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर रात्रभर मिठाच्या पाण्यात मऊ केलेल्या आणि तीन पाण्यांतून काढलेल्या कोबीचा ढीग निथळत पडलेला. आठ-दहा बायका रबरी हातमोजे चढवून गोल करून बसल्या होत्या. आज हिच्या घरची, उद्या तिच्या घरची, असं करत करत सगळ्या गावाची किमची घालून व्हायची. ओकसिम मात्र उभीच. चुलीवर डुकराचं मटण उकळत होतं ते बघून आली, कालवं धुतली का ते विचारून आली, डबे मोजून आली, पुन्हा मटण बघून आली.

“वहिनी, बसा की जरा,” जिंदोवाली म्हणाली. तिचं माहेर जिंदो बेटावरचं म्हणून सगळ्या तिला जिंदोवाली म्हणत. “तुमच्या फिरण्याने आम्हाला गरगरायला लागलं.”

ओकसिम म्हणाली, मी बसले तर तुम्ही सगळ्या झोपाल. बायका हसल्या. पण तिची नजर पुन्हा पुन्हा त्या मोठ्या लाल टबाकडे जात होती. मसाला तिने पहाटेच, कुणी यायच्या आत, एकटीने कालवला होता. चिकट तांदळाची पेज, मिरचीची पूड, लसूण, आलं, मुळ्याचा कीस, कांद्याची पात. मीठ वेगळं पडतच नाही त्यात. सगळा खारटपणा येतो तो मुरवलेल्या मासळीच्या पाण्यातून आणि मुरवलेल्या जवळ्यातून. सासूने तिला माप म्हणून कधी शिकवलं नाही. बोट बुडव, जिभेला लाव, कळेल, एवढंच शिक्षण. उभ्या आयुष्यात ते पुरलं होतं.

आज बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि काहीच नाही. मिरचीचा चटका तेवढा लागला. मग तिने डोळ्यांच्या अंदाजाने मासळीचं पाणी ओतलं, जवळा घातला, ढवळलं. पेज उतरवायला आत गेली, परत आली आणि थबकली. जवळा घातला होता का? की बरणी नुसतीच उघडून ठेवली होती? बरणी अर्धी दिसत होती, पण ती काल अर्धी होती की भरलेली, ते आठवेना. तिने टबात डोकावून बघितलं. लालभडक, सगळं एकजीव. खारटपणा डोळ्यांना दिसत असता तर काय हवं होतं! शेवटी तिने जीव मुठीत धरून आणखी दोन पळ्या जवळा घातला, आणि ढवळल्या ढवळल्याच तिला वाटलं की मघाशी घातला होता.

आता कोबीचं पान न् पान उलगडून बायका त्यात तोच मसाला भरत होत्या.

चव बघायची पद्धत ठरलेली. कोबीच्या गाभ्यातलं पिवळं कोवळं पान तोडायचं, मसाला लावायचा, गुंडाळी करायची आणि शेजारणीच्या तोंडात कोंबायची. ओकसिमने एकेकीला भरवून बघितलं. जिंदोवाली डोळे मिटून म्हणाली, वा. दुसरी म्हणाली, तुमच्या हाताला तोड नाही. हेरान, म्हणजे सून, म्हणाली, अप्रतिम झालंय आई, आणि दोन पेले पाणी प्यायली. पण ती बया तिखटाला नेहमीच पाणी प्यायची. तेवढ्यावरून काय ठरवायचं? ओकसिम प्रत्येकीचं तोंड निरखत होती. कुणाच्या भुवया जरा वर गेल्या, कुणी जरा लवकर गिळलं. का तिलाच तसं वाटत होतं?

गोम अशी, की खरं कुणी सांगणारच नव्हतं. ज्या घरची किमची, त्या घरच्या थोरलीचा हात. त्याला नावं ठेवायची नसतात. बाई उद्या आपल्या अंगणात येऊन बसणार असते. सासूने लढाईच्या वर्षी मिरची मिळाली नाही म्हणून नुसत्या मिठात मुळ्याची पानं कोंबून ठेवली होती, तेव्हाही आळीतल्या सगळ्या बायांनी भरलेल्या डोळ्यांनी “छान झालंय” म्हटलं होतं. हिवाळ्यात भाताशेजारी काही तरी आहे, एवढंच तेव्हा छान होतं. ही गोष्ट सासू दर वर्षी किमची घालताना सांगायची. हल्ली टीव्हीवर सांगतात की आपलं हे किमची घालणं म्हणजे सगळ्या जगाचा ठेवा झालाय. ठेवा तर ठेवा, पण तो खारट झालाय का हे कुणी सांगेल का?

एकच बाई होती. बुनरे.

बुनरे तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेले, दोघी एकट्या, घरांच्या मध्ये एक लसणीचं शेत. सासूच्या हाताखाली दोघी एकदमच शिकल्या होत्या. सासूची चव आता गावात दोनच जिभांना ठाऊक होती, आणि त्यातली एक बंद पडलेली. सासू गेली त्या हिवाळ्यात पहिल्यांदा सगळा मसाला ओकसिमने एकटीने केला. बुनरेने सगळ्यांच्या देखत पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाली की खारट झालंय, ही सासूबाईंची चव नव्हे. ओकसिमच्या अंगाची लाही लाही झाली. खारट नव्हतंच ते. तिच्या तोंडात तेव्हा जीभ होती. थोरली म्हणून सगळा मान आपल्याकडे आला हे हिला बघवत नाही, दुसरं काय? ती तिथल्या तिथे म्हणाली, मग तुझी तू वेगळी घाल. बुनरेने हातमोजे काढले आणि गेली. त्याला सहा-सात वर्षं झाली. रस्त्यात दिसल्या तर एक आभाळाकडे बघे, दुसरी चपलेकडे.

पण आज ओकसिमला वाटलं, माझं वाईट व्हावं असं मनापासून वाटणारी गावात ती एकटीच आहे. खारट असेल तर तीच सांगेल. सांगितल्याशिवाय तिला राहवणारच नाही.

परसातून कांद्याची पात आणते असं सांगून ती निघाली. पात टोपलीभर समोर पडली होती, पण तिला कोण विचारणार? मुठीत मसाला लावलेलं एक पान होतं. लसणीच्या शेताच्या कडेने जाताना तिला दोनदा वाटलं की परत फिरावं, आणि दोनदा ती चार पावलं परत फिरलीसुद्धा. हिला तोंड कसं दाखवायचं? आणि नाही दाखवलं तर कुणाला विचारायचं?

बुनरेही आजच बसली होती. पायरीवर एकटी, समोर पाच-सहा गड्डे, एक पाटी मसाला, बाजूला मुळ्यांचा ढीग. फाटकात ओकसिमला बघून तिचा हात थांबला. उठली, फाटकापर्यंत आली. ये म्हणाली नाही. ओकसिमने मूठ पुढे केली, आणि बुनरेने, देवाला माहीत का, तोंड उघडलं. ओकसिमने पान तिच्या तोंडात घातलं.

बुनरे बराच वेळ चावत राहिली. नजर खाली. मग गिळलं.

“छान झालंय,” ती म्हणाली. आणि वळून पायरीवर जाऊन बसली.

परत येताना ओकसिमला हलकं हलकं वाटलं. जिला माझं बरं बघवत नाही ती छान म्हणते, मग आणखी काय पाहिजे? आता डबे भरा, गाडीत घाला, सांगग्यूला काय बघायचं ते बघू दे. लसणीच्या शेताच्या मध्यापर्यंत ती अशी आनंदात आली. आणि मग तिचे पाय मंदावले.

जिला माझं बरं बघवत नाही, ती खरं कशाला सांगेल? खारट असलं तर उलट ती म्हणणार, छान आहे, जा, भर डबे. एक डबा ग्वांगजूला, एक सोलला धाकट्या मुलाकडे, एकेक गड्डा आळीतल्या प्रत्येक घरात. सगळे खातील आणि एकमेकांकडे बघतील. बुनरेला बोट उचलायचीही गरज नव्हती. दोनच शब्द बोलायचे होते आणि ते ती बोलली होती. अरे देवा, म्हणजे आपण आपल्या पायाने चालत जाऊन तिच्या हातात कोयता दिला. बरं, आणि खरंच छान असलं तर? मग ती खरं बोलली आणि आपण पुन्हा तिच्याबद्दल नाही नाही ते मनात आणतोय. कुठूनही विचार केला तरी काही कळत नव्हतं. तिने हाताला लागलेला मसाला चाटला, पुन्हा चाटला. चटका. बाकी शून्य.

अंगणात आली तर सांगग्यू भरलेले डबे गाडीत चढवायला लागला होता. सकाळी येऊन त्याने कोबी वाहिली, पाणी भरलं, मटणावर ताव मारला, आणि आता अंधार पडायच्या आत निघायची घाई. ओकसिम म्हणाली, एवढी काय गडबड आहे. त्याने विचारलं की का, काही राहिलंय का. ती म्हणाली, नाही, राहिलं नाही काही. मग ती एका डब्याचं झाकण उघडून बघत बसली, लावलं, दुसऱ्याचं उघडलं. हेरान म्हणाली, आई, मी बांधलंय नीट. ओकसिम तिच्यावर खेकसली की तुझं बांधलेलं मला ठाऊक आहे. पोरगी मागे सरली. ओकसिमला लगेच वाईट वाटलं, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. आता ओरडावं का, की थांबा? आणि थांबून करायचं काय? खारट नसताना उपाय केला तर बेचव पाण्यासारखी होईल, आणि मग त्याबद्दलही बोट तिच्याकडेच.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि बायकांची बडबड एकाएकी बंद पडली.

बुनरे आत आली होती. कमरेवर टोपली, टोपलीत धुतलेले मुळे. इतक्या वर्षांत तिने या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. ती सरळ प्लास्टिकच्या कडेला आली आणि टोपली खाली ठेवली. हुश्श केलं. आणि ओकसिमला सगळं कळून चुकलं, कारण किमची खारट झाली तर उपाय एकच, तो तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होता: मुळ्याचे जाड जाड तुकडे करून गड्ड्यांच्या मधे मधे खोचायचे. मीठ मुळा ओढून घेतो.

“आमच्याकडे जास्तीचे होते,” बुनरे कुणाकडेच न बघता म्हणाली.

जिंदोवालीने मान खाली घातली आणि हातमोज्यावरचा मसाला पुसायला लागली. बाकीच्याही. म्हणजे या सगळ्या जणींना कळलं होतं! पहिल्या घासापासून. ओकसिमला कानापर्यंत शरम चढली आणि रागही आला, पण राग नक्की कुणाचा ते समजेना.

सांगग्यूला मात्र मुळ्यांतलं काय कळतं? त्याला एवढंच आठवत होतं की काकू आणि आई किमचीवरून भांडल्या होत्या. डबा हातात धरून तो हसत म्हणाला, “काय काकू, एवढे मुळे? परत आमचं खारट झालं की काय?”

एक-दोघी कसंनुसं हसल्या. बुनरे हसली नाही. तिने फक्त ओकसिमकडे बघितलं, आणि त्या बघण्यात ना भांडण होतं ना विनवणी. ओकसिमने नुसतं “उगाच आणलेस” म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्यांनी थोरलीचंच ऐकलं असतं, डबे गेले असते, आणि बुनरे टोपली उचलून दुसऱ्यांदा या फाटकातून बाहेर गेली असती. मग मात्र ती परत आली नसती. हे ओकसिमला तिच्या मानेच्या ताठपणावरून कळत होतं.

“हो, खारट झालंय,” ओकसिम म्हणाली. “मला चव लागत नाही. तापापासून.”

सांगग्यूने डबा खाली ठेवला. हेरानने तोंडावर हात नेला आणि घाईने खाली घेतला. सांगग्यू पुढे आला, एका गड्ड्याचं पान तोडून तोंडात टाकलं, चावलं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईसमोर तो लहानपणी घाबरून उभा राहायचा तसा उभा राहिला.

“बरी आहे की, आई,” तो म्हणाला. “मला तर छान लागतेय.”

ते ऐकून ओकसिमला जे लागलं ते चौदाव्या मजल्यापेक्षा जास्त होतं. आजपासून सगळे असंच बोलणार. मुलगा, सून, शेजारणी, सगळे प्रेमाने खोटं बोलणार आणि तिला कधीच काही कळणार नाही.

“तू गप्प बस,” ती म्हणाली. तिने गाभ्यातलं एक पान तोडलं, मसाला लावला, गुंडाळलं. “बुनरे, तू सांग. मघाशी दारात छान म्हणालीस.”

“दारात उभी करून विचारलंस,” बुनरे म्हणाली. “दारात कुणी खरं सांगतं का?”

मग ती प्लास्टिकवर चवड्यावर बसली आणि तोंड उघडलं. ओकसिमने भरवलं. सगळं अंगण तिच्या जबड्याकडे बघत होतं. बुनरेने सावकाश चावलं, गिळलं, हाताच्या पाठीने ओठ पुसले.

“विष झालंय, जाऊबाई.”

ओकसिमच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. तिने दोन्ही होऊ दिलं. मग एक रिकामा डबा उपडा घालून त्यावर ती बसली, सुरी ओढली आणि टोपलीतला वरचा मुळा उचलला. जाड काप, बुनरे म्हणाली, एवढ्याने ते मीठ जायचं नाही. ग्वांगजूला न्यायचा विषय कुणी काढला नाही. सांगग्यू काढणारच होता, आज नाही तर उद्या. सध्या तो गाडीतले डबे एकेक करून खाली उतरवत होता.